काटा खरा, पावती खरी, बसायला बाकडं मात्र एकच

आमची पिठाची गिरणी आहे, जोडीला मिरची कांडप. गिरणी म्हणजे धान्य, धान्य म्हणजे उंदीर, आणि उंदीर म्हटले की मांजर ओघानं आलंच. आम्ही मुद्दाम मांजर कधी आणलं नाही, ती येत गेली आणि वाढत गेली. सासूबाईंच्या वेळी पिल्लं झाली की कुणी शेतावर न्यायचं, कुणी वाड्यात. आता फ्लॅटवाले नेत नाहीत आणि शेतावरच्यांकडं आधीच रग्गड असतात. त्यात बोका. बोक्यानं गिऱ्हाइकाच्या दळणाच्या डब्यावर एकदा पिचकारी मारली की डबा कितीही घासा, वास जात नाही, आणि ते गिऱ्हाईक दुसऱ्या गिरणीची वाट धरतं. तेव्हा मांजर-कुत्र्यांची नसबंदी करणाऱ्या साताऱ्यातल्या एका दवाखान्याबद्दल मी हे लिहितेय ते भूतदयेपेक्षा धंद्याच्या अंगानं, हे आधीच सांगून ठेवते. ज्यांना मांजर म्हणजे पोटचं लेकरू वाटतं त्यांनी राग मानू नये. (थोडं मलाही वाटतं, पण ते असू दे.)

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. डॉक्टर मॅडमनीच हात जोडून सांगितलंय, "काकू, नाव नका टाकू कुठं, आत्ताच नंबर पुरत नाहीत." राजवाड्यापासून चालत जाण्यासारखं आहे एवढं पुरे. सातारा केवढा तो! कुठल्याही मांजरवाल्याला विचारा, बोट दाखवेल.

आधी दर, कारण दुकानात मला सगळे तेच विचारतात. मांजरीच्या ऑपरेशनचे २२०० रुपये, बोक्याचे १२००. कुत्रीचं वजनावर असतं, आमच्या ढवळीचे ३८०० झाले. केसपेपर १०० रुपये, तो वर्षभर चालतो. रेबीजची लस २५०. हे मी दिलेले पैसे, तुम्ही जाल तेव्हा वाढले असले तर माझ्याशी भांडायला येऊ नका. माझ्या बहिणीनं पुण्यात तिच्या मांजरीसाठी याच्या तिप्पट मोजले. इथं साताऱ्यातही दुसऱ्या एका ठिकाणी मी आधी चौकशी केली होती. फोनवर आकडा बरा वाटला म्हणून मांजर घेऊन गेले, तर तिथं भूल वेगळी, औषधं वेगळी, टाके काढायचे वेगळे, गळ्यातली कॉलर वेगळी. मांजर उचललं आणि घरी आले. दळणाचा भाव पाटीवर एक आणि हिशेबाला दुसरा असं आम्ही केलं असतं तर गिरणीला कधीच कुलूप लागलं असतं.

इथं ऑपरेशनची तारीख देतानाच कागदावर लिहून देतात. भूल, ऑपरेशन, दुखणं थांबायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, पुढची तपासणी, सगळं त्या एका रकमेत. मांजर आधीच गाभण निघालं किंवा आत काही वेगळंच दिसलं तर किती वाढतील तेही त्याच कागदावर. पावती मागावी लागत नाही.

एवढं स्वस्त कसं परवडतं, हे मी मॅडमना तोंडावर विचारलं. आमच्या धंद्यात कुणी भाव पाडला की माल कुठला, हेच आधी बघतात. त्यांना राग आला नाही. म्हणाल्या, ऑपरेशनं आठवड्यातल्या ठरावीक दोन सकाळीच करायची, एकापाठोपाठ एक. मग हत्यारं उकळून-वाफवून आधीच तयार ठेवता येतात, हाताखालचा माणूस त्या दोन सकाळपुरता लागतो, आणि एका मांजरासाठी अख्खा दिवस अडकत नाही. एसी नाही. गॅसची भूल द्यायचं मशीन नाही, भूल इंजेक्शनची. रात्री ठेवून घ्यायची सोय नाही, संध्याकाळी जनावर घरी. मग काय कमी केलं नाही ते त्यांनी बोटावर मोजून दाखवलं. प्रत्येक जनावराला हत्यारांचं वेगळं पुडकं, नवे हातमोजे, चांगला दोरा आणि दुखण्याचं इंजेक्शन. हे शेवटचं काही ठिकाणी वगळतात म्हणे, कारण मांजर दुखलं तरी ओरडत नाही, कोपऱ्यात बसून राहतं, आणि मालकाला वाटतं शांत आहे.

गॅसचं मशीन नसणं ही काही बढाई मारायची गोष्ट नाही, हेही त्यांनीच सांगितलं. तरुण, धडधाकट जनावराला इंजेक्शनची भूल चालते. सात-आठ वर्षांच्या पुढचं, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेलं जनावर असलं तर त्या आधी रक्त तपासायला लावतात आणि बऱ्याचदा घेतच नाहीत. सरळ शिरवळला पाठवतात, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात. पुण्याच्या वाटेला खंबाटकीचा बोगदा ओलांडला की पुढं शिरवळ. आपल्या जिल्ह्यात जनावरांचं कॉलेज आहे हे निम्म्या सातारकरांना ठाऊक नसतं. हातची केस दुसरीकडं पाठवणारा डॉक्टर मला कुठल्याही एसीपेक्षा जास्त पटतो.

आता काट्याचं सांगते, कारण माझं निम्मं मत तिथंच बनलं. आत गेल्या गेल्या टेबलावर लहान बाळांचं वजन करतात तसला तबकडीचा काटा आहे. मी पिठलीला (ही आमची मांजरी, सारखी पिठात लोळते म्हणून पिठली) बाजाराच्या चेनच्या पिशवीत नेली होती. कंपाउंडर दादानं पिशवीसकट ठेवली, आकडा लिहिला. मला वाटलं झालं. तर मॅडमनी तिला बाहेर काढून रिकाम्या पिशवीचा धडा केला, म्हणजे तिचं वेगळं वजन घेतलं, आणि मग वजाबाकी करून लिहिलं, २ किलो ६४० ग्रॅम. तेवढ्यात पिठली हलली तशी पुन्हा ठेवली, आकडा थांबेपर्यंत हात लावला नाही. त्या आकड्यावरून सिरिंजमधलं औषध उजेडाकडं धरून भरलं, आणि थेंबभर जास्त आलं ते परत काढलं. एवढ्याशा जिवाला पाव किलोचा फरकही भुलीत जाणवतो, म्हणून. माझा जन्म काट्यासमोर गेलाय. नुसत्या नजरेनं "असेल तीन किलो" म्हणणारा डॉक्टर असता तर मी पिशवी बंद करून निघाले असते.

पिठली पांढरी, अंगावर काळे आणि तांबडे ठिपके. शेपूट उचलून बघायच्या आधीच मॅडम म्हणाल्या, "तिरंगी ना, मग मादीच." मी विचारलं कशावरून. तर काळा आणि तांबडा हे दोन्ही रंग एकाच अंगावर यायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात आणि ती मादीकडं असतात. तिरंगी बोका फार क्वचित जन्मतो आणि जन्मला तरी बहुतेक वांझच. ही माहिती मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवते, तुम्हीही ऐकवा.

वयाचं मात्र लक्षात ठेवायला हवं. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. तोवर ती स्वतःच पिल्लासारखी दिसते, त्यामुळं आपल्या डोक्यातही येत नाही. माजावर आली की रात्रभर गळा काढते, जमिनीवर लोळते, आणि लोक समजतात पोट दुखतंय. तिला बोका भेटल्यावरच बीज सुटतं, त्यामुळं गाठ पडली की गाभण राहिलीच म्हणून समजा. नऊ आठवड्यांत पिल्लं, आणि ती अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. "एक वेत होऊ द्या, मग करा, तब्येतीला बरं असतं," असं आमच्या आळीत सगळ्या सांगतात. मॅडमनी त्यावर एवढंच विचारलं, "कुणाच्या तब्येतीला?" पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर पुढं स्तनाच्या गाठी होण्याचा धोका बराच कमी होतो, मांजरीत आणि कुत्रीतही. एका वेतानं काही मिळत नाही, पिल्लं तेवढी मिळतात.

ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून खाणं बंद, पाणी सकाळपर्यंत चालतं. हे का, तर भुलीत उलटी झाली आणि ती फुप्फुसात गेली तर जीव जातो. अगदी लहान पिल्लांना इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत, त्यांची साखर उतरते, त्यांचं वेगळं सांगतात. फ्लॅटमधल्या मांजराला हे सोपं आहे, वाटी उचलली की झालं. गिरणीतल्या मांजराला उपाशी ठेवणार कसं? ताट मी बंद करीन, उंदीर कोण बंद करणार! मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते थट्टेवारी नेलं नाही. म्हणाल्या, रात्री घरी न्या आणि कोंडा. पिठलीला न्हाणीघरात ठेवली. तिनं अशी बोंब मारली की सकाळी शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, कुणाचं काय झालं.

आत जाऊ देत नाहीत, पण दाराला वर काच आहे. मी टाचा उंचावून थोडं पाहिलं. डाव्या कुशीवरचे केस भादरलेले, आयोडीननं पिवळं केलेलं, वरून भोक पाडलेलं हिरवं कापड. चीर एवढीशी, माझ्या करंगळीच्या पेराला थोडी जास्त. आकड्यासारखं एक हत्यार आत घालून त्यांनी गर्भपिशवीचं एक टोक अलगद वर घेतलं. शेवयीएवढं जाड असावं. मुळाशी दोऱ्यानं दोनदा बांधलं, कापलं, रक्त येतं का हे थांबून बघितलं, मग दुसरं टोक. अंडाशय आणि पिशवी दोन्ही काढतात. पोटाच्या मधोमध न कापता कुशीतून का, हेही विचारलं मी. बाहेर फिरणाऱ्या मांजराची जखम कुशीत असली की लांबूनही दिसते, धरायला लागत नाही, आणि समजा टाका उसवला तरी पोटातलं बाहेर यायची भीती कमी. गाभण असली तर मात्र मधून करतात. पिठलीचे डोळे सताड उघडे होते, ते बघून मी घाबरले. पण त्या भुलीत डोळे उघडेच राहतात म्हणे, कोरडे पडू नयेत म्हणून मलम घालून ठेवलं होतं.

घरी आणल्यावरचं जास्त महत्त्वाचं. पहिली रात्र मांजर दारू प्यायल्यागत झुलतं, उडी मारायला जातं आणि पडतं. म्हणून कट्ट्यावर, पलंगावर ठेवायचं नाही, जमिनीवर गोधडीत. भुलीत अंग गार पडतं, तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून जवळ. नीट चालायला लागल्याशिवाय खायला नाही. गिरणीत ठेवायची नाही हे मॅडमनी दोनदा बजावलं. पट्ट्याचा आवाज, वर पिठाची धूळ जखमेवर. गळ्यातली प्लास्टिकची कॉलर पिठलीनं तासाभरात काढली. मॅडमना फोटो पाठवला तर त्यांनी वेगळी कॉलर विकत घ्यायला न लावता सांगितलं, जुन्या लेगिंगचा पाय कापा, चार भोकं पाडा आणि घाला. मुलीची फाटकी लेगिंग होतीच. दुकानात बसून माझ्या डोळ्यांदेखत बिल वाढवायची संधी सोडणारी माणसं मला फारशी भेटत नाहीत.

टाक्याखाली काही दिवसांनी कडक गाठ आली. रात्रीची वेळ. फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, उचलला नाही. ही माझी मोठी तक्रार आहे आणि मी ती त्यांना सांगितलीय. संध्याकाळी आठनंतर हा दवाखाना तुमच्यासाठी नाही असंच समजा. सकाळी उत्तर आलं: गाठ कोरडी असेल, मांजर खात असेल, तर दोऱ्यामुळं अशी येते आणि विरते. ओल, वास, लाली, किंवा मांजर सुस्त, यातलं काही असलं तर लगेच आणा. गाठ विरली. पण ती रात्र मी कशी काढली ते मला माहीत. ऑपरेशनच्या दिवसापासून निदान दोन रात्री तरी कुणीतरी फोन उचलावा, त्याचे शंभर रुपये जास्त घ्या, लोक देतील.

दुसरी तक्रार, घरी काय काळजी घ्यायची याचा छापील कागद नुसता इंग्रजीत आहे. माझ्या मुलानं वाचून दाखवला. ज्याच्या घरी वाचून दाखवणारं कुणी नाही त्यानं काय करायचं? मॅडम तोंडी सांगतात, पण भराभरा. मी मराठीत लिहून देते म्हटलंय, अजून त्यांनी मागितला नाही.

बोक्याची गोष्ट लहान आहे. भाऊसाहेब त्याचं नाव, कारण गल्ल्याजवळच्या गादीवरच बसतो. त्याचं ऑपरेशन चहा होईतो उरकलं, दोन बारीक चिरा, टाकासुद्धा नाही. पण एक सांगितलं ते फार जणांना माहीत नसतं: नसबंदीनंतरही काही आठवडे बोक्याच्या अंगात बीज शिल्लक असतं, तेवढ्यात माजावरची मांजरी भेटली तर पिल्लं होऊ शकतात. लगेच निर्धास्त व्हायचं नाही. पिचकाऱ्या हळूहळू थांबल्या. सगळ्यांच्या थांबतातच असं नाही, बहुतेकांच्या थांबतात. जितकं लवकर कराल तितकं बरं, जुनी खोड लागलेल्या बोक्याला वेळ लागतो. आणखी एक, बोका सारखा कोपऱ्यात बसून कुंथतोय आणि लघवी येत नाही असं दिसलं तर बद्धकोष्ठ समजून तेल पाजत बसू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असतो, त्याच दिवशी दवाखाना.

त्याला पिशवीत घालताना माझ्या मनगटावर त्यानं ओरबाडलं, रक्त आलं. तिथं या दवाखान्याची खरी किंमत कळली. मॅडमनी बोका बाजूला ठेवला आणि मला नळाखाली उभं केलं. साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात धू म्हणाल्या, घड्याळ बघून. मागं लोक खोळंबले होते, कुणी कुरकुरलं तर त्यांना गप्प केलं. हळद लावू का म्हटलं तर नको म्हणाल्या. आणि सरळ सिव्हिलला पाठवलं, रेबीजच्या लसीसाठी. बोक्याला तोवर लस नव्हती. सरकारी दवाखान्यात ही लस फुकट मिळते, पण वेळापत्रक चुकवायचं नाही. मांजराच्या ओरखड्याला कोण विचारतं, असं आपण म्हणतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की त्यावर औषध नाही, हे त्यांनी मला हात धुताना ऐकवलं, म्हणून गेले.

नसबंदी केली की मांजर आळशी होतं आणि उंदीर धरत नाही, हा गिरणीवाल्यांचा आणि शेतकऱ्यांचा ठरलेला आक्षेप. माझाही होता. पिठली घरातून गिरणीत परतली आणि त्याच आठवड्यात ज्वारीच्या पोत्यामागून घूस नाही पण चांगला थोराड उंदीर ओढत घेऊन आली. शिकार ही गर्भपिशवीत नसते, असं मॅडम म्हणाल्या होत्या ते खरं निघालं. वजन मात्र वाढतं, कारण भूक तीच राहते किंवा वाढते आणि अंगातल्या शक्तीचा खर्च कमी होतो. खाणं थोडं कमी करायचं, बस्स. भाऊसाहेबांच्या बाबतीत हे आम्हाला जमलेलं नाही, गिऱ्हाइकं येता-जाता बिस्किटं घालतात.

उंदीर खाणाऱ्या मांजराला पट्टकृमी होतात. शेपटीखाली पांढरे हलणारे कण दिसतात. त्याची गोळी वजनावर देतात, तीन महिन्यांनी पुन्हा. लसीचं त्यांचं मला आवडलं. मांजराची तिहेरी लस (तीन रोगांवर मिळून एक) आणि रेबीज दोन्ही सांगतात, पण पैशाची ओढ असेल तर आधी रेबीज, तिहेरी पुढच्या महिन्यात, असं स्वतःहून म्हणतात. लसीच्या बाटलीवरचं लेबल काढून तुमच्या कार्डावर चिकटवतात, बॅच नंबर आणि मुदत तुम्हाला वाचता येते. लस २ ते ८ अंशात राहावी लागते. आमच्याकडं आठवड्यातला लाइट जायचा दिवस म्हणजे गिरणीला सुट्टी, म्हणून मी त्याच दिवशी जाते, आणि मुद्दाम बघितलं: फ्रिज इन्व्हर्टरवर चालू होता, आत थर्मामीटर टांगलेला. ६ जुलैला जागतिक झूनोसिस दिन असतो, म्हणजे जनावरांकडून माणसांना होणाऱ्या रोगांचा. १८८५ साली त्या दिवशी पाश्चरनं माणसाला पहिल्यांदा रेबीजची लस टोचली होती. २८ सप्टेंबरला रेबीज दिन. त्या सुमाराला बऱ्याच ठिकाणी कुत्र्या-मांजरांना फुकट लस देतात, पेपरवर लक्ष ठेवा, २५० सुद्धा वाचतील.

भिंतीवर एक कागद आहे तो सगळ्यांनी वाचावा. मांजराला पॅरासिटामॉल कधीच द्यायची नाही, माणसाची एक गोळीसुद्धा जिवावर बेतते. आणि कुत्र्याच्या गोचिडासाठी मानेवर टाकायचं औषध मांजराला टाकायचं नाही, त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असेल तर फिट येतात. हा कागद मात्र मराठीत आहे, तेव्हा जमतं म्हणायचं.

ढवळी आमची नाही, आळीची. पण झोपते गिरणीच्या पायरीवर, म्हणून नाव आमच्यावर. भादव्यात कुत्र्यांचं काय होतं ते सांगायला नको. झुंडी, रात्रभर भांडणं, गाड्यांच्या मागं पळणं, शाळेची पोरं भिंतीला चिकटून चाललेली. आणि दोन महिन्यांनी गटाराकडंला पिल्लं. मॅडमनी आषाढातच निरोप दिला होता की माजावर यायच्या आधी आणा. माजात पिशवीला रक्त जास्त उतरतं, ऑपरेशन अवघड होतं, मग माज संपून दोन महिने तरी थांबावं लागतं. श्रावणात मुलाच्या मित्राच्या रिक्षातून नेली. कोंबडीच्या कलेज्यांवर आली, मटणवाल्या दादांनी फुकट दिल्या. रस्त्यावरच्या कुत्रीला दवाखाना एका अटीवर घेतो, टाके भरेपर्यंत आठवडाभर कुणीतरी आडोशाला ठेवून घ्यायची. आम्ही कांडप मशीनच्या मागची खोली रिकामी केली. मिरची बंद होती म्हणून बरं. कानाला खाच पाडली, म्हणजे पुन्हा कुणी धरून तेच ऑपरेशन करायला नेणार नाही.

हे काम खरं तर नगरपालिकेचं आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत ती जबाबदारी स्थानिक संस्थेवरच टाकलीय, आणि नसबंदी-लसीकरण करून कुत्रं उचललं तिथंच सोडायचं असंही त्यात आहे. आळीतले काहीजण "लांब कुठंतरी सोडून या" म्हणत होते. ढवळीला सोडून आलो तर पायरी रिकामी राहणार आहे का? दुसरी येईल, ती लस न घेतलेली. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला आहे, धन्याला वाघापासून वाचवलं म्हणून बांधली असं सांगतात. ते आम्ही पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो आणि आळीतल्या कुत्रीला पोत्यात घालून सोडायला निघतो, कमाल आहे.

आमच्या ओळीतल्या निवृत्त गुरुजींची पॉमेरियन मात्र उशिरा आली. वय झालेलं, नसबंदी नाही, माज होऊन काही आठवडे गेले आणि सारखं पाणी प्यायला लागली, जेवण सोडलं, ओकायला लागली. गर्भपिशवीत पू झाला होता. याला थांबायला वेळ नसतो. मॅडमनी ताबडतोब शिरवळला फोन करून पाठवलं. वाचली. पण गुरुजींचा खर्च साध्या नसबंदीच्या कितीतरी पट झाला, आणि रात्री खंबाटकीतनं गाडी न्यावी लागली ती वेगळी.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याबद्दलही विचारतात. तिथं केसपेपर नाममात्र, आणि गाय-म्हैस असली तर तिथंच जावं, घरी बोलवायचं तर १९६२ हा फोन आहे. मांजर-कुत्र्याचं ऑपरेशन त्यांच्याकडं होतं का हे आपल्या भागात जाऊन विचारावं, प्रत्येक ठिकाणी सर्जन आणि सोय सारखी नसते.

राहिलेल्या कुरबुरी. बाकडं एकच आहे, त्यावर कुत्री आणि मांजरं शेजारी-शेजारी. मांजराची पिशवी टॉवेलनं झाकून न्या, नाहीतर एखाद्या जर्मन शेफर्डनं नाक लावलं की ते पिशवी फाडतं. एक्स-रे नाही, सोनोग्राफी नाही. कंपाउंडर दादा सकाळी दहापर्यंत तोंड वाकडं करून असतो, चहा झाल्यावर बोलतो. गाडी लावायला जागा नाही, चालत जा. पाचातले चार देते, एक रात्रीच्या फोनचा कापला.

नंबर आदल्या दिवशी संध्याकाळी सहा ते सातमध्येच लावून घेतात, ऑपरेशनचा असेल तर दोन आठवडे तरी वाट बघायची तयारी ठेवा. भादव्याच्या तोंडावर त्याहून जास्त. जनावराचं आधीचं कार्ड असेल तर न्या. आणि सुट्टे पैसे न्या, स्कॅनर दाराच्या आतल्या बाजूला लावलाय आणि आत मोबाइलला रेंज नाही.